खाला, तुझा प्रश्न छापून आला

खाला, मी तुला लिहितेय आणि तुला वाचता येत नाही, ही आपल्यातली जुनीच अडचण आहे. तेव्हाही मी वाचून दाखवायचे आणि तू दुसऱ्या ओळीला "पुढं" म्हणायचीस. तिसऱ्या ओळीला "हे कावून लिवलंय?" असं विचारायचीस. चौथ्या ओळीपर्यंत आपण कधी पोचलोच नाही. तेवढ्यात एखादी बाई हात पुढे करून तुझ्या चटईसमोर बसायची. आता गिऱ्हाईक नाही. आता तुला सगळं ऐकावं लागेल.

आधी मुद्द्याचं सांगते. प्रश्न छापून आला. विद्यापीठाच्या नव्या फॉर्मवर, दुसऱ्या पानावर, अगदी वरच. नंबर बारा. तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. "मी शाळेचं तोंड न्हाई पाहिलं, आन् माझा सवाल बारावीला गेला."

मी तुझ्याकडे पहिल्यांदा आले ती बांगड्या भरायला नाही, हे तुला आठवत असेल. वडवणीच्या बाजारात लिंबाखाली तू बांगड्या मांडून बसायचीस, अख्खा तालुका तुला हमीदाखाला म्हणायचा, पण मला त्या दिवशी तुझ्याशी काही काम नव्हतं. मला फक्त रडायला आडोसा हवा होता, आणि तुझ्या पत्र्याच्या पेट्यांमागे तेवढी जागा होती.

झालं असं होतं, की मी तेव्हा बीडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. त्यामुळे कॉलेजात कुणी साधं काम सांगितलं तरी मला नोकरी लागल्यासारखं वाटायचं. विद्यापीठाच्या आरोग्य शिक्षण विभागानं गावाकडच्या बायकांच्या तब्येतीवर संशोधन काढलं होतं आणि आमच्या मॅडमनी फॉर्म भरायला मला घेतलं. गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड. मी माझ्याच गावात घरोघर गेले. फॉर्मवरचा पहिला प्रश्न होता, 'आपल्या एकंदर प्रकृतीविषयी आपणास काय वाटते?' बायका म्हणाल्या, "बरं हाय." मी 'चांगली'च्या चौकोनात खूण केली. चाळीस घरं, चाळीस 'बरं हाय', चाळीस खुणा. दोन दिवसांत काम संपलं म्हणून मी खूश होते.

मॅडमनी गठ्ठा चाळला. "चाळीसच्या चाळीस ठणठणीत? मग माझ्यासाठी तुमच्या गावात एखादी खोली बघ बाई. मलाही राहायला यायचंय." वर्ग हसला. मीपण हसले. वडवणीत एसटीतून उतरेपर्यंत मात्र ते हसू टिकलं नाही.

तू मागे न बघताच म्हणालीस, "कोन हाय गं? रडायचं तर रड, पर त्या गठ्ठ्यावर बसू नको. काचंचा माल हाय."

मी म्हणाले, "काही नाही. बरं आहे."

"बरं हाय तर नाक कावून पुसतीस?"

तेवढ्यात एक बाई आली आणि मी आणखी मागे सरकले, कारण ती आमच्याच गावची होती. माझ्या चाळिसांतली. तू विचारलंस, "कसं हाय गं?" ती म्हणाली, "बरं हाय, खाला." तू तिचा हात मांडीवर घेतलास, अंगठा आत दाबलास, आणि बांगडी चढवायच्या आधीच थांबलीस.

"तोंड बरं म्हनतंय. हात न्हाई म्हनतोय. पंचमीला ह्याच हाताला अडीचची बांगडी मी साबण लावून चढवली व्हती. आज तीच बांगडी नाचायलीय. खरं सांग, जेवतीस का?"

आणि ती बाई बोलायला लागली. संध्याकाळचा ताप, जेवण नको वाटणं, खोकला, किती महिने कुणास ठाऊक. दोन दिवसांपूर्वी मी तिच्या ओट्यावर बसले होते, तिच्या हातचा चहा प्याले होते आणि तिच्या नावापुढे खूण करून उठले होते. तू तिला बांगड्या भरल्याच नाहीस. "आदी सरकारी दवाखान्यात जाऊन ये. बांगड्या पुढल्या बाजारी. माल कुटं पळून चाललाय?" ती गेली. मग तू पहिल्यांदा माझ्याकडे वळलीस आणि पॅडकडे बोट दाखवलंस.

"लिव की."

"काय लिहू?"

"ह्येच. तुझ्या कागदावर ह्याला घर न्हाई का?"

नव्हतं, खाला. चार पानं होती, पण ह्याला घर नव्हतं.

त्यानंतर मी दर बाजारी तुझ्या शेजारी बसू लागले. सुरुवातीला मी तुला 'तुम्ही' म्हणायचे. तू म्हणालीस, "तुमी म्हनू नको. कुनी पंचनाम्याला आल्यावानी वाटतंय." आणि माझं नाव विचारायच्या आधीच तू मला सर्वेबाई करून टाकलंस. "ए सर्वेबाई, जरा सरक, गिऱ्हाईकाला बसू दे." अजूनही बाजारात काही बायका मला त्याच नावानं हाक मारतात. माझं खरं नाव त्यांना माहीत नाही आणि आता सांगावंसंही वाटत नाही.

'बरं'चा अभ्यास मी तुझ्याकडे केला. कुठल्याच पुस्तकात तो नाही. पटकन म्हटलेलं 'बरं हाय' म्हणजे मला जाऊ दे. 'बरंच म्हनायचं' असं लांबवलं, तर ती बाई आणखी एकदा विचारायची वाट बघतेय. नुसतंच हळू 'बरं' म्हणजे मागे सासू उभी आहे. आणि "बरं हाय की!" असं ठसक्यात आलं तर खरंच बरं आहे, उगा वेळ घालवू नको, पुढच्या घरी जा. मी हे सगळं वहीत उतरवलं होतं. तू वहीत डोकावून म्हणालीस, "आगं, याची परीक्षा असती का?"

फॉर्मच्या मथळ्यावरून तू किती हसली होतीस. 'ग्रामीण स्त्रियांचे आरोग्य व निरामयता.' मी वाचलं आणि तू विचारलंस, "ही निरामयता कुनाची पोरगी?" मी समजावलं. नुसता आजार नसणं नव्हे, तर शरीरानं, मनानं, माणसांत सगळीकडे बरं असणं. तू विचार करून म्हणालीस, "मंजी जीवाला करमनं." मी ते मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपण पहिल्या दिवसापासून हेच शोधत होतो."

आणि मग तो प्रश्न. तो सुचला तुलाच, पण बिघडवला मी. हे एकदा कागदावर आलं पाहिजे.

तू म्हणाली होतीस, "तब्येत इचारू नको, बांगडी इचार." मला ते इतकं पटलं की मी त्याच दिवशी घरी येऊन छान शुद्ध भाषेत प्रश्न तयार केला. पोरसवदा शहाणपण. शेजारच्या सरूकाकूंवर पहिला प्रयोग केला. ओट्यावर बसून, पेन सरसावून, मी विचारलं, "काकू, गेल्या सहा महिन्यांत तुमची बांगडी वाढली आहे का?"

काकूंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "काय म्हनलीस?"

मला वाटलं ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं विचारलं.

"आगं सटवे! माझा नवरा त्या गोठ्यात धडधाकट बसलाय आन् माझी बांगडी वाढली का इचारतीस? कॉलेजात हेच शिकवतात का?"

खाला, मी काय विचारतेय ते मला तोपर्यंत कळलंच नव्हतं! लहानपणापासून ऐकलं होतं, बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. आणि नवरा गेला की बाईच्या बांगड्या वाढवतात. हे माहीत असून मी मापाच्या नादात काय विचारून बसले होते! काकूंचा नवरा गोठ्यातून ओरडला, "कोन गेलंय?" आणि मी पॅड घेऊन पळाले.

तुला सांगितलं तेव्हा तू आधी गंभीर झालीस. मग तोंडात पदर कोंबलास. मग पदरही सुटला. शेजारच्या मिरचीवाल्यानं तुला पाणी आणून दिलं. "मी दोन पिढ्यांना बांगड्या भरल्या, पर एका सवालात अख्ख्या गल्लीला रांडवं करायला मला बी जमलं नसतं." नंतर तूच प्रश्न सरळ केलास. "ढिली झाली का, घट्ट झाली का, येवढंच इचार. माप इचारू नको. माप ज्याचं त्याचं. बदल इचार."

बदल विचार. हे मी विद्यापीठातल्या बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. तिथे लांबच लांब टेबल होतं आणि पाण्याच्या बाटल्या. मी इतकी भरभर बोलत होते की मॅडमनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. एका सरांनी विचारलं, "हाताला सूज, हाडाची ठेवण, कामानं राठ झालेले हात, याचं काय?" मी म्हणाले, "सर, माप नाही विचारायचं. तिच्याच हातात, तिच्याच बांगडीत पडलेला फरक विचारायचा. ढिली झाली तरी धोका, अचानक घट्ट झाली तरी. गरोदर बाईची बांगडी एकाएकी घट्ट झाली तर आमची खाला तिला बाजारातून थेट दवाखान्यात धाडते." सर जरा हसले. वाईट हसले नाहीत. पण मग म्हणाले, "आणि ज्या बांगड्या घालत नाहीत त्या?"

मी पॅडवरची पानं चाळू लागले. त्यांनी प्रश्न बाजूला ठेवला. 'विचाराधीन' असा शब्द वापरला. परतीच्या एसटीत मी तो शब्द सारखा मनात म्हणत होते आणि मला तो 'नाही'सारखाच ऐकू येत होता.

तुला हे सांगितलं तेव्हा तू मात्र हसली नाहीस. तू स्वतः विधवा. तुझ्या उजव्या हातात काही नसायचं. डाव्या हातात मालाचे नमुने असायचे, बायकांना रंग दाखवायला. तू त्या रिकाम्या हाताकडे बघून म्हणालीस, "साहेब बरोबर इचारतोय. आमी कुटं जायचं?" बराच वेळ तू बांगड्यांचा एकच डझन पुन्हा पुन्हा बांधत होतीस. मग म्हणालीस, "बाही. झंपरची बाही समद्यांना असती. बांगडी न्हाई तर बाही इचार."

मॅडमनी ते वाक्य माझ्याकडून लिहून घेतलं आणि पुढच्या बैठकीला घेऊन गेल्या. मी गेले नव्हते, माझी चाचणी होती.

त्याच दरम्यान आपलं ते भांडण झालं, जे अजून मिटलेलं नाही. तुझं म्हणणं होतं की प्रश्न तुझा, तर खाली तुझं नाव छापलं पाहिजे. मी म्हणाले, नियमाप्रमाणे माहिती देणाऱ्यांची नावं छापत नाहीत, गोपनीय ठेवतात. "मी काय चोरी केलीय, नाव झाकायला?" मी म्हणाले, हे तुझ्याच भल्यासाठी आहे. तू म्हणालीस, "माझं भलं मला इचारून करा." मला राग आला, कारण तुझं बरोबर होतं आणि नियमाचंही बरोबर होतं आणि मधे मी होते. एक अख्खा बाजार आपण बोललो नाही. म्हणजे तू बोलत होतीस, सगळ्यांशी, माझ्यावरून. "आमच्याकडं एक सर्वेबाई हाय. लई गोपनीय हाय. चहा बी गोपनीय पीती."

आता जे बोलले नाही ते.

मॅडमनी बाजारातल्या बायकांचेही फॉर्म भरायला सांगितले होते, त्यात तुझीपण मुलाखत घ्यायची होती. मी ती शेवटी ठेवली होती, आपल्या माणसाची म्हणून. त्या दिवशी तू पेटी उचललीस आणि तुझ्या डाव्या हातातले नमुने खळकन कोपरापर्यंत गेले. मी बघितलं. आपण दोघींनी मिळून केलेला प्रश्न माझ्या ओठांवर होता. मी म्हणाले, "खाला, ह्या ढिल्या झाल्यात."

"नमुना हाय गं. मोठ्या मापाचा."

"मागच्या महिन्यात तर मनगटावर थांबत होत्या."

"कारखान्यानं फसवलं. तू लिव."

"खाला, खरं सांग. दवाखान्यात जाऊन ये ना एकदा."

"बरं हाय," तू म्हणालीस. पटकन.

पटकन म्हटलेलं 'बरं हाय' म्हणजे काय, हे मला तूच शिकवलं होतंस. तरी मी 'चांगली'च्या चौकोनात खूण केली, कारण उत्तर देणारी जे सांगते तेच लिहायचं असतं. फॉर्मच्या शेवटी 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा असते, मुलाखत घेणाऱ्यानं स्वतः काय पाहिलं ते लिहायला. ती मी कोरी ठेवली. मला वाटलं, नियम पाळला. खरं म्हणजे मला भीती वाटली. लिहिलं तर खरं होईल, असं काहीतरी. मी संशोधनाला निघालेली मुलगी, आणि हे असं मनात येतं.

मग परीक्षा आली. मी बीडलाच राहिले, दोनदा फोन केला. तू उचललास की आधी विचारायचीस, "पेपर कसा गेला?" आणि मी म्हणायचे, "बरा गेला." मग तू हसायचीस. तुझी सून रुखसाना भाभी, तिचा फोन आला तेव्हा माझा शेवटचा पेपर होऊन एक दिवस झाला होता.

तुमच्या घरी आले तेव्हा मी दारातच उभी राहिले. मनात एकच होतं, मी पाहिलं होतं आणि लिहिलं नाही. भाभीनं मला आत ओढलं, पाणी दिलं, आणि फडताळातून एक फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. जिल्हा रुग्णालयाची. वर तुझा अंगठा.

"तुमी फॉर्म भरून गेलात ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी अम्मीच म्हनल्या, चल गं दवाखान्यात. आमी सांगून थकलो व्हतो, कदी ऐकलं न्हाई."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

भाभी रडता रडता हसली. "मीबी तेच म्हनलं. तर म्हनल्या, नक्को. एक तर तिची परीक्षा हाय. आन् तिच्याच सवालानं मला धरलं हे कळलं तर लई शेफारंल."

खाला, तू हरलीस आणि लपवलंस! त्या घरात, सगळ्या रडणाऱ्या बायकांत मला हसू फुटलं आणि मी तुझ्यासारखा पदर तोंडाशी धरायला गेले, तर अंगावर नुसती ओढणी होती. दुखणं जुनं होतं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, फार काही होण्यासारखं राहिलं नव्हतं. पण गोळ्यांनी पोटातली कळ थांबली, तुला रात्री झोप लागायला लागली, आणि शेवटचे काही बाजार तू नीट बसून केलेस, असं भाभी सांगत होती. मी त्याचा उगाच बाऊ करणार नाही. थोडा उशीर झाला. थोडं हातीही लागलं. दोन्ही खरं आहे.

आता राहिलं नावाचं. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "माहिती देणाऱ्यांत नाव छापता येत नाही ते नाहीच. पण हमीदाबी काही फक्त माहिती देणाऱ्या नव्हत्या, त्यांनी तुला शिकवलं. आणि शिकवणाऱ्यांचे आभार नावानिशी मानतात. घरच्यांची परवानगी आण." भाभीनं सही केली. तर अहवाल निघेल तेव्हा आभाराच्या पानावर तू असशील, दोन प्रोफेसरांच्या मधे. भांडण तूच जिंकलीस म्हण. मी गोपनीय चहा पिईन.

काल नवे फॉर्म हातात आले. पहिला मी कुणाचा भरला असेल? आईचा. आई चुलीपाशी बसली होती. मी सगळं रीतसर केलं, नाव विचारलं, वय विचारलं. तिनं वय सांगताना माझ्याकडे असं बघितलं की मीच वरमले. "प्रकृती कशी वाटते?" "बरं हाय." मी लिहिलं. बाराव्या प्रश्नाशी आले. "गेल्या सहा महिन्यांत तुमची बांगडी किंवा झंपरची बाही ढिली किंवा घट्ट झाली का?"

आईनं पिठाचा हात परातीच्या काठावर पुसला आणि माझ्यापुढे केला. "तूच बग. लई दिवसानं कुनीतरी इचारलं." जरा घट्ट झाली आहे, खाला. बोटंही सुजल्यासारखी वाटली. येत्या सोमवारी मी तिला घेऊन जातेय. ती म्हणाली, "येवढ्यासाठी कशाला?" मी म्हणाले, "माल कुठं पळून चाललाय?"

आणि मग मी तुझा जुना फॉर्म काढला. माझ्या पिशवीतच होता, दुसऱ्या फेरीसाठी परत मिळालेल्या जुन्या गठ्ठ्यात सगळ्यांत खाली. दिलेलं उत्तर नंतर बदलता येत नाही, त्यामुळे 'चांगली'वरची खूण तशीच आहे. 'बरं हाय' हे तुझं म्हणणं आहे आणि ते तुझंच राहील. पण शेऱ्याची जागा माझी होती. तिथे आजची तारीख घालून लिहिलं, 'मुलाखतीच्या दिवशी डाव्या हातातील बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. त्या दिवशी लिहायचे राहिले.' मॅडमना दाखवणार आहे. ओरडल्या तर ओरडल्या.

दुसऱ्या फेरीसाठी प्रत्येक नावापुढे एक रकाना भरायचा असतो. उपलब्ध, स्थलांतरित, मृत. तुझ्यापुढे खूण कुठे करायची ते मला कळत होतं आणि मी ती केली. पण बाजूला पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, एक शब्द लिहून ठेवलाय.

'वाढली.'

विद्यापीठात कुणी विचारलं तर सांगेन, आमच्याकडे असंच म्हणतात.